शकावली आणि कादंबरी

भोर तालुक्यातल्या कारीच्या जेधे देशमुखांकडची शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली उजेडात आणली. शिवजन्माच्या १६३० या सालाला तिचा मोठा आधार. पण वाचायला कोरडी हो! साल, महिना, तिथी, अमका पडला, तमका गड घेतला... एका ओळीत माणूस संपतो. १६६० साली घोडखिंडीत हिरडस मावळच्या बांदलांची माणसं पडली, त्यांच्या घरी ती बातमी कशी पोचली असेल? शकावली ते कशाला सांगेल!

ते काम कादंबरीचं. हरिभाऊ आपट्यांची 'गड आला पण सिंह गेला' १९०३ची, म्हणजे शकावली उजेडात यायच्या तेरा वर्षं आधीची. तानाजी घरोघरी पोचला तो बराचसा हरिभाऊंमुळे, असं आपलं माझं मत.

सध्या गोनीदांची 'झुंजार माची' पुन्हा हातात घेतलीय. ही माची तोरण्याचीच, वेल्ह्याच्या डोक्यावरची (तालुक्याचं नाव आता राजगड, आमच्या तोंडी अजून वेल्हंच). गोनीदा गड पायांनी फिरलेले, त्यामुळे वाचताना दम लागतो. मध्यंतरी कथा-कादंबऱ्या सुटल्याच होत्या. आता रात्री दोन-दोनपर्यंत दिवा चालू असतो, घरचे वैतागलेत. अजून शंभरेक पानं राहिलीत...