नागपूर प्रांतांतील शिळारूप पर्णें व त्यांचे संग्राहक

नेसरीच्या खिंडीचें नांव निघालें कीं इतिहासभक्तांस 24 फेब्रुवारी 1674 चा दिवस व प्रतापराव गुजर आठवतात. त्याच खिंडींतील दगड पाहून एक निराळा प्रश्न मनांत येतो: ज्या अरण्यांचा पुढें कोळसा झाला, त्यांची कांहीं खूण येथें सांपडेल काय? उत्तर नकारार्थी आहे. या बाजूचा काळा पाषाण ज्वालामुखीच्या रसाचा असून तो सुमारें 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वींचा आहे; तीं अरण्यें त्याच्या फार पूर्वींचीं. शिवाय पानांचे ठसे राहतात ते चिखलाच्या व वाळूच्या थरांत. महाराष्ट्रांत असे थर पाहावयाचे तर नागपूर व चंद्रपूर या बाजूस गेलें पाहिजे.

नागपूर प्रांतीं या संग्रहाचा पाया स्कॉटिश पाद्री स्टीफन हिस्लॉप व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनीं घातला. हिस्लॉप 1845 मध्यें नागपुरास आले. शाळा चालविणें, गोंडांचीं गीतें व चालीरीती टिपून घेणें आणि सवड मिळेल तेव्हां दगडांच्या खाणी पाहणें, असा त्यांचा क्रम असे. कामठी, सिलेवाडा इत्यादि ठिकाणच्या वालुकाश्मांत त्यांस ग्लॉसोप्टेरिस नामक वनस्पतीचीं पानें मिळालीं. आकार जिभेसारखा, मध्यें ठळक शीर व दोहों बाजूंस बारीक शिरांचें जाळें, अशी त्यांची ओळख आहे. हे नमुने विलायतेस गेले. चार्ल्स बनबरी यांनीं त्यांचें वर्णन लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाच्या त्रैमासिकांत 1861 मध्यें प्रसिद्ध केलें व एका वनस्पतीच्या नांवांत हिस्लॉप यांचें नांव गोंविलें.

या थरांचें वय ठरवितांना मात्र हिस्लॉप चुकले. ते थर ज्युरासिक काळाचे असावेत असें त्यांचें मत होतें. युरोपांतील कोळशाच्या वनस्पतींशीं येथील पानें जुळत नसल्यानें तुलनेस आधार थोडा होता. कामठीचे हे थर पर्मियन काळाचे, म्हणजे 25 कोटी वर्षांहून अधिक जुने, हें पुढील संशोधनानें ठरलें. मत गेलें, पण नमुने राहिले. आणि कोणतें पान कोणत्या गांवचें हें नोंदलेलें असल्यामुळें पुढील पंडितांस त्यांचा उपयोग झाला.

तेंच पान पुढें फार दूर सांपडलें. दक्षिण ध्रुवाहून परततांना मृत्यु पावलेल्या स्कॉट यांच्या तुकडीजवळ 1912 च्या नोव्हेंबरांत सुमारें 16 किलो दगड मिळाले; त्यांत ग्लॉसोप्टेरिस असल्याचें सूअर्ड यांनीं 1914 मध्यें दाखविलें. नागपूर व दक्षिण ध्रुवप्रदेश एकेकाळीं एकाच भूखंडाचे भाग होते, या मतास अशा पानांनीं मोठें बळ दिलें. त्या भूखंडाचें गोंडवन हें नांव गोंडांच्याच देशावरून पडलें आहे, हेंही ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

हिस्लॉप यांचा अंत 4 सप्टेंबर 1863 रोजीं झाला. टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळें पाहून परततांना पूर आलेल्या नाल्यांत ते बुडाले. गोंडांविषयींचीं त्यांचीं टिपणें रिचर्ड टेंपल यांनीं 1866 मध्यें छापविलीं. टिपणें लिहिलेलीं होतीं म्हणून वांचलीं. जें केवळ स्मरणांत होतें तें त्यांच्याबरोबर गेलें.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण पोथ्यांचे संग्राहक आहेत. पुष्पिका फाटलेल्या पोथीचा शक व लेखनस्थळ ठरवितांना काय यातायात पडते, हें त्यांस सांगणें नको. ज्या शिळेचा गांव, खाण व थर नोंदलेला नाहीं, तिची गत त्याच पोथीसारखी होते. म्हणून विदर्भांत फिरतांना असें पान कोणाच्या दृष्टीस पडल्यास त्यानें तें उचलण्याची घाई करूं नये. जागा, थर व शेजारचे अवशेष आधीं कागदावर उतरून घ्यावे आणि जाणत्यांस कळवावें. आपल्या हातून वय सांगण्यांत चूक झाली तरी ती पुढें कोणी सुधारील. न लिहिलेलें ठिकाण मात्र कोणासही पुन्हां मिळविता येणार नाहीं.