गोधडीचा कच्चा टांका

इतिहास म्हटला कीं तह, लढाया आणि सनावळ्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. पुष्कळ वर्षें शाळेंत मीं तोच शिकविला. आज मात्र अंथरुणाच्या इतिहासाविषयीं बोलावयाचें आहे. आणि त्यांतहि गोधडी पुरी झाल्यावर जो उसवून टाकतात, त्या कच्च्या टांक्याविषयीं.

प्रथम कृति पाहूं. जुनें लुगडें, धोतर, सदरा हीं धुऊन वाळवितात व त्यांतील गुंड्या आणि जाड शिवणी काढून टाकतात. मग स्वच्छ जमिनीवर अस्तर उलटें पसरून, कडा ताणून, कोपऱ्यांवर पाट, वरवंटा असें कांहीं वजन ठेवतात. त्यावर विरलेल्या कापडाचे तुकडे कडेला कड लावून मांडावयाचे. एखादा तुकडा दुमडलेला राहिला तर तेथें उंचवटा होतो व निजणाराच्या पाठीला रात्रभर टोंचतो. शेवटीं वरचा थर घालून, हातानें सुरकुत्या मधून कडेकडे सारावयाच्या आणि वीतभर अंतरावर लांब टांके घालून सारे थर टाचून घ्यावयाचे. प्रत्येक टांक्यास सुई वरचें कापड किंचित् पुढें ढकलते. खालचें जागींच राहतें. थर टाचलेले नसतील तर शेंकडों टांक्यांनंतर एका टोकाला फुगवटा येतो, आणि मग उसवण्यावांचून उपाय नसतो.

थर एकत्र शिवण्याची ही कला फार प्राचीन आहे. मंगोलियांतील नोइन-उला येथील थडग्यांत कोझ्लोव्ह यांच्या रशियन मोहिमेला १९२४-२५ सालीं सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा, थर देऊन शिवलेला गालिचा सांपडला. चौदाव्या शतकांत सिसिलींत ट्रिस्टनची कथा नुसत्या शिवणीनें उठवून केलेल्या रजईचे भाग लंडन व फ्लॉरेन्स येथें जपून ठेवले आहेत. सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीज व्यापारी बंगालमधून टसर रेशमानें भरलेल्या रजया युरोपांत नेत असत. इंग्लंडांतील हार्डविक येथील वाड्याच्या सामानाच्या १६०१ सालच्या यादींत, पशुपक्षी भरलेल्या पिवळ्या हिंदुस्थानी कापडाच्या एका रजईची नोंद आहे.

याद्या झाल्या त्या विकत घेतलेल्या मालाच्या. बंगालमध्यें घरोघर बायका ज्या कंथा शिवीत, त्यांची यादी कोण करणार? तेथेंहि जुन्या साड्यांचे व धोतरांचे थर जमिनीवर पसरून, कडांवर वजनें ठेवून, मध्यें मोठे धांवते टांके घालीत. नक्षीसाठीं लागणारा रंगीत दोरा साडीच्या कांठांतूनच काढून घेत. आज पाहावयास मिळणाऱ्या जुन्या कंथा बहुतेक एकोणिसाव्या शतकाच्या अलीकडच्या आहेत, कारण नित्याच्या वापरांतली वस्तु झिजून जाते. सनदी अधिकारी गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनीं खेडोपाडीं हिंडून त्या जमविल्या, म्हणून त्यांतल्या कांहीं वांचल्या. आपल्याकडील गोधड्या व वाकळा ह्यांचीहि गत निराळी नाहीं. एक गोधडी फाटली कीं ती दुसरीच्या पोटांत जाते.

आतां तयार रजया दुकानांत मिळतात, आणि गोधडीला लागणारीं मऊ नऊवारी लुगडींहि घरांतून कमी झालीं आहेत. राजाची सनद कोणालाहि नकलून ठेवतां येते; गोधडी टाचण्याची रीत मात्र ती जाणणाऱ्या वृद्धेबरोबरच जाते. म्हणून ज्यांच्या घरीं आई, आजी किंवा आत्या अद्याप गोधडी शिवते, त्यांनीं एके दुपारीं तिच्यापाशीं बसावें. कोणता थर कोणाच्या कापडाचा, टांके किती अंतरावर, आरंभ कोठून, हें तिला विचारावें आणि तिच्या नांवासह, तारीख घालून, वहींत लिहून ठेवावें. इतिहासाच्या अभ्यासकाला उद्यां तेवढाच कागद मिळेल.