उवा, फणी आणि शाळा

आपल्या नगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, सिंथिया फरार बाईंनी १८३९ पासून मुलींच्या शाळा चालविल्या. त्या काळी मुलीला शाळेत आणणे दुष्कर होते. डोक्यात ऊ दिसताच तिला घरी धाडणे मात्र आजही फार सोपे आहे!

ऊ म्हणजे अस्वच्छता, हा समज खोटा. लाखीश येथे सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीची हस्तिदंती फणी सापडली. तिच्यावर केसांतील व दाढीतील उवा निघोत, अशा अर्थाचा लेख कोरलेला आहे. हस्तिदंत परवडणाऱ्या घरातही उवा होत्याच.

भीतीचे मूळ निराळे. १९०९ साली शार्ल निकोल यांनी टायफस ज्वर उवेमुळे पसरतो हे सिद्ध केले. परंतु ती ऊ कपड्यांतली. डोक्यातली ऊ रोग पसरवीत नाही, उडीही मारीत नाही. एका पाटीवर दोन डोकी वाकली की ती पलीकडे सरकते, इतकेच.

उपाय मात्र कित्येकदा अपायकारक. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेल्यास बुबुळास इजा होते. रॉकेल तर पेट घेते. डी.डी.टी.लाही उवा पुढे दाद देईनात. जुनी बारीक दातांची फणीच बरी. लिखा सात ते दहा दिवसांत फुटतात. म्हणून केस ओले करून दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन आठवडे, मुळापासून टोकापर्यंत विंचरावे. घरातील सर्वांची डोकी त्याच दिवशी पाहावी. मुलीने दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे शाळेत जावे.