पील, बोका आणि एक न लावलेला कागद

कानात इयरफोन घालून एसटीत बसला असाल, नाहीतर उद्याच्या प्रॅक्टिकलसाठी जर्नल पुढ्यात घेऊन बसला असाल, तर आजचा भाग खास तुमच्यासाठी. गोष्ट १८८५ सालची आहे, जर्मनीतली. पण सुरुवात मी आमच्या जामनेरपासून करणार, कारण या इतिहासात माझी एक चूक अडकलेली आहे.

मी टीवायला होते, विषय मानसशास्त्र. प्रात्यक्षिकासाठी प्रयोग निवडला विस्मरणाचा. सोपा वाटला म्हणून. अर्थ नसलेले शब्द पाठ करून घ्यायचे, वीस मिनिटांनी विचारायचे, दुसऱ्या दिवशी परत विचारायचे. दहा जण गोळा केले. भाषेत अडकू नये म्हणून इंग्रजी पुस्तकातली निरर्थक अक्षरांची यादी घेतली आणि सरळ देवनागरीत लिहून काढली. झट, बोक, पील, असं काहीबाही.

नऊ जणांचं ठरल्याप्रमाणे झालं. दुसऱ्या दिवशी बरंचसं विसरले. दहावा एफवायचा पोरगा, रावेरकडचा, जामनेरला मावशीकडे राहायचा. त्यानं दुसऱ्या दिवशीही जवळजवळ सगळी यादी म्हणून दाखवली! मी विचारलं, कसं काय रे? तर म्हणे, "ताई, पील तर मी रोज पाहेल आहे ना!"

केळीच्या बुंध्याजवळ जो कोंब फुटतो, त्याला पील म्हणतात. मी पडले बाजारपेठेतली, दुकानदाराच्या घरची. मला कुठून माहीत असणार? त्यानं तर गोष्टच रचली होती : पिलामागून बोका झटकन पळाला. तीन शब्द एका दोरीत ओवले आणि बाकीचे त्यांना टांगले.

मी काय केलं? त्याचा कागद जर्नलला लावलाच नाही. दहाच्या जागी नऊ लिहिले. आलेख छान उतरला, सही मिळाली, मार्कही मिळाले.

आता जर्मनीत चला. हर्मन एबिंगहाउस नावाचा माणूस. त्याच्याकडे ना प्रयोगशाळा, ना दहा मित्र. प्रयोगकर्ता तोच आणि प्रयुक्तही तोच. त्यानं सुमारे २,३०० निरर्थक शब्दांश तयार केले, त्यांच्या याद्या केल्या, आणि ठरलेल्या लयीत वाचून त्या पाठ केल्या. मग काही वेळ जाऊ द्यायचा आणि तीच यादी पुन्हा पाठ करायची. दुसऱ्या खेपेला किती वेळ वाचला, ते त्याचं माप. समजा पहिल्यांदा दहा मिनिटं लागली आणि नंतर चारच, तर बचत ६० टक्के. वीसेक मिनिटांनी त्याची बचत होती सुमारे ५८ टक्के, एका दिवसानं ३४ च्या आसपास, आणि ३१ दिवसांनी २१. म्हणजे आपण सुरुवातीला भराभर विसरतो, नंतर सावकाश. १८८५ साली त्यानं हे पुस्तकरूपानं छापलं.

पण मला आकड्यांपेक्षा त्याची लिहिण्याची रीत जास्त भावली. संध्याकाळी पाठ करायला सकाळपेक्षा जास्त वेळ लागतो, हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं तशी दुरुस्ती केली, आणि दुरुस्ती केल्याचं लिहूनही ठेवलं. सगळे शब्दांश सारखे सोपे नाहीत, हेही कबूल केलं. स्वतःच्या मनातल्या अपेक्षेमुळे निकाल झुकू शकतो, हा धोकाही त्यानं वाचकापुढे मांडला. लपवायला कोणी अडवलं नव्हतं. प्रयोगात दुसरा माणूसच नव्हता!

त्याचं फळ १३० वर्षांनी मिळालं. २०१५ साली ॲम्स्टरडॅममधल्या मुर आणि द्रोस या दोन संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला. एका माणसानं ७० तास याद्या पाठ केल्या, आणि विस्मरणाचा आलेख एबिंगहाउसच्या आलेखाशी बराचसा जुळला. हे जमलं, कारण मूळ माणसानं काय केलं ते नीट लिहिलं होतं. माझं जर्नल वाचून माझा प्रयोग कोणी परत केला असता, तर? रावेरकडचा एखादा पोरगा भेटताच तो बिचारा गोंधळून गेला असता.

आणि खरी गंमत पुढे आहे. मी फेकलेल्या कागदात जे होतं, त्यावर मोठमोठ्या लोकांनी काम केलंय. १९२८ साली ग्लेझ यानं निरर्थक शब्दांश घेऊन लोकांना त्यातून काही आठवतं का, हे तपासलं. कित्येक 'निरर्थक' शब्दांतून लोकांना काही ना काही आठवतच होतं. १९३२ साली केंब्रिजच्या बार्टलेटनं तर सांगितलं की माणूस अर्थ लावल्याशिवाय राहतच नाही, आणि स्मरणाचा अभ्यास अर्थ वगळून करता येणार नाही. आमच्या पोरानं तेच तर करून दाखवलं होतं.

आपल्याकडेही हे शहाणपण जुनंच आहे. बिने आणि सिमाँ यांची बुद्धिमापन चाचणी १९०५ सालची, पॅरिसची. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली आणि १९४० साली त्यावर पुस्तक काढलं. अशा कामात नुसतं भाषांतर पुरत नाही. प्रश्न इथल्या मुलांसमोर ठेवून तपासावे लागतात. मी मात्र लिपी बदलली आणि समजले, काम झालं.

तर मंडळी, तुमचं जर्नल उघडा. गृहीतक प्रयोगाआधी लिहा, निकाल बघून नाही. यादी आधी दोघा-तिघांना दाखवा, त्यातला एक तरी शेतातला असू द्या. समोरच्याला विचारूनच बसवा आणि मधेच उठायची मोकळीक द्या. वेळ, जागा, सूचना सगळ्यांना सारख्या ठेवा. किती जण बसले आणि किती जणांचे आकडे धरले, दोन्ही लिहा. एखाद्याला वगळलंत, तर का वगळलं तेही लिहा. आणि शेवटी अंतर्निरीक्षणाचा रकाना असतो ना, जो आपण एकमेकांचा बघून भरतो, तो खरा भरा. माझ्या प्रयोगाचं सगळं उत्तर त्याच रकान्यात होतं : पील.

तो कागद मी बरीच वर्षं जपून ठेवला होता. घर बदलताना कुठे गेला, कळलं नाही. जर्नल मात्र अजून आहे. त्यात आजही नऊच जण आहेत. म्हणून दहावा आज इथे सांगितला.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.