पदरमोड आणि वर्गणी

आंजर्ल्यात वर्गणी हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. शिमग्याची पालखी असो, देवळाचा उत्सव असो, घरटी आकडा ठरतो. मुंबईच्या चाकरमान्यांकडून पूर्वी तो मनीऑर्डरने यायचा, आता फोनवरून येतो. पट्टी आणि वर्गणी यांतला फरकही गावाला पक्का ठाऊक असतो. घरपट्टी थकली तर नोटीस येते. वर्गणी थकली तर कुणी काही बोलत नाही, फक्त यादीत नावापुढची जागा कोरी राहते आणि ती सगळ्यांना दिसते.

राजकीय पक्षांच्या पैशाला मात्र आपण वर्गणी म्हणत नाही. तिथे ‘निधी’ लागतो. ‘नि’ आणि ‘धा’ मिळून झालेला हा संस्कृत शब्द, म्हणजे खाली ठेवलेलं, दडवलेलं धन. इंग्रजीतल्या फंडाचं मूळही लॅटिन ‘फुंडुस’, म्हणजे तळ. निवडणूक रोखे 2018 साली आले तेव्हा देणाऱ्याचं नाव असंच तळाशी राहील अशी सोय होती. सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 रोजी ती योजना घटनाबाह्य ठरवली, तेव्हा कुठे नावं वर आली.

‘उमेदवार’ फारसीतून आला. उमेद म्हणजे आशा, उमेदवार म्हणजे आशा धरून असलेला. मराठीत तो प्रथम कचेरीच्या पायरीशी दिसतो: पुढेमागे नोकरी लागेल या आशेवर बिनपगारी काम करणारा. अजूनही नवा वकील ‘अमक्यांकडे उमेदवारी केली’ असंच सांगतो. म्हणजे हा मुळात खिसा रिकामा असलेला माणूस. आता लोकसभेला उभं राहायचं तर 25,000 रुपये आणि विधानसभेला 10,000 रुपये अनामत भरावी लागते. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी. अनामत ही अरबी ‘अमानत’, विश्वासाने सोपवलेली ठेव. वैध मतांचा एक षष्ठांश हिस्साही मिळाला नाही, तर ती जप्त होते.

प्रचारात ‘चर’ धातू आहे, फिरणं. आंजर्ल्याचा मतदार राहतो रत्नागिरी जिल्ह्यात, विधानसभेला मत देतो दापोलीत आणि लोकसभेला रायगडमध्ये. रायगडच्या उमेदवाराला पेणपासून गुहागरपर्यंत, मधल्या सगळ्या खाड्या ओलांडत ‘चरावं’ लागतं. (या क्रियापदाचा मराठीतला दुसरा अर्थ मतदारांना सुचतोच.) महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला 2022 पासून 95 लाखांची खर्चमर्यादा आहे, विधानसभेला 40 लाखांची. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादा नाही. कायद्याने दार लावलं आणि खिडकी उघडी ठेवली.

मला या व्यवहारातला सगळ्यात आवडता शब्द ‘पदरमोड’. पैसे पदराच्या गाठीत असायचे तेव्हाचा हा पदर, आणि मोडणं ते दागिना मोडतात, ठेव मोडतात तसलं. अमेरिकेतल्या एका निवडणुकीला तो चपखल बसतो. बेळगावात वाढलेले, ‘ही श्रींची इच्छा’ हे मराठी आत्मचरित्र लिहिणारे श्री ठाणेदार 2018 साली मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत उतरले. प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे मतदारांनीच ठरवायची आधीची फेरी. आपल्याकडे हे काम मुंबई-दिल्लीतून ‘तिकीट’ देऊन उरकतं. ठाणेदारांनी स्वतःचे 1 कोटी डॉलरच्या घरात ओतले आणि तिसरे आले. पुढे 2022 मध्ये ते अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले, तेव्हाही प्रायमरीत पदर बराच मोडला होता.

पदराला तिथे मर्यादा नाही. बकली विरुद्ध व्हॅलियो या 1976 च्या निकालाने उमेदवाराच्या स्वतःच्या पैशावरचं बंधन उठलं. दुसऱ्याने द्यायच्या पैशाला मात्र आहे: 2024 च्या फेरीत एका माणसाने उमेदवाराला प्रायमरीसाठी जास्तीत जास्त 3,300 डॉलर द्यायचे. अध्यक्षपदाच्या प्रायमरीत सरकारी मदत हवी असेल, तर 20 राज्यांत प्रत्येकी 5,000 डॉलर जमवून दाखवावे लागतात आणि त्यात एका देणगीदाराचे 250 डॉलरच धरले जातात. आंजर्ल्याच्या उत्सव समितीला हा हिशेब लगेच कळेल, कारण इथे रकमेपेक्षा घरं मोजली जातात. मदत घेतली की खर्चावर मर्यादा येते, म्हणून बहुतेक बडे उमेदवार आता तिच्या वाटेला जात नाहीत.

आपल्याकडेही वर्गणीवर निवडणूक झालेली आहे. हातकणंगल्यात 2009 साली राजू शेट्टींसाठी शेतकऱ्यांनी ‘एक व्होट, एक नोट’ म्हणत पैसे जमवले आणि ते खासदार झाले. त्याआधी सार्वजनिक कामासाठी लोकांनी जमवलेल्या पैशाला ‘थैली’ म्हणत. आंजर्ल्याच्याच तालुक्यातल्या चिखलगावच्या घराण्यातले लोकमान्य टिळक 1916 साली साठीचे झाले, तेव्हा त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण झाली आणि त्यांनी ती राष्ट्रकार्याला देऊन टाकली. थैली ‘अर्पण’ करायची असते. तिच्यापुढे ‘शहा’ लावून जो शब्द होतो, तो मात्र कुणी कुणाला मानाने लावत नाही.