गिरिभ्रमणाची पादत्राणे

गिरिभ्रमणाची पादत्राणे म्हणजे डोंगरवाटांवर पायाचे रक्षण करणारे व जमिनीवर पकड देणारे बूट होत. बोलीभाषेत त्यांना 'ट्रेकिंगचे बूट' म्हणतात. त्यांची निवड मुख्यतः भूप्रदेश व ऋतू यांवर अवलंबून असते. सातारा व सांगली जिल्ह्यांत पश्चिमेस अतिपावसाचा सह्याद्री आणि पूर्वेस अवर्षणग्रस्त माळरान असल्याने हा फरक ठळकपणे जाणवतो.

इतिहास

युरोपात पूर्वी गिर्यारोहक तळाला लोखंडी खिळे ठोकलेले चामडी बूट वापरीत. १९३५ मध्ये आल्प्समधील दुर्घटनेत सहा सहकारी गमावल्यानंतर इटालियन गिर्यारोहक व्हिताले ब्रामानी यांनी खोल खाचांचा रबरी तळ विकसित केला. सातारा, सांगलीसह आठ जिल्ह्यांतील कोल्हापुरी चपलेस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही चप्पल कोरड्या रस्त्यावर टिकाऊ असली, तरी तिचा सपाट चामडी तळ ओल्या कातळावर घसरतो.

भूप्रदेशानुसार निवड

* पश्चिम भाग : महाबळेश्वर, कास, कोयना व चांदोली परिसरात पावसाळ्यात बेसॉल्ट व जांभा खडकांवर शेवाळ धरते. येथे बुटाच्या उंचीपेक्षा तळाची पकड महत्त्वाची ठरते. मऊ रबर कातळ चांगला धरते, पण लवकर झिजते. कडक रबर टिकते, पण घसरते. शेवाळावर मात्र कोणताही तळ पूर्णतः सुरक्षित नसतो. संततधारेत जलरोधक बुटात वरून शिरलेले पाणी साचून राहते. त्यामुळे लवकर सुकणारे जाळीदार बूट सोयीचे ठरतात.
* पूर्व भाग : माण, खटाव, आटपाडी व जत तालुक्यांत बोरी-बाभळीचे काटे, कुसळे व सुट्या मुरमाचा घसारा आढळतो. महिमानगड, भूषणगड यांसारख्या ठिकाणी जाड तळाचे, बंद बूट योग्य होत. घोटा झाकणारे बूट फुरसे, घोणस यांच्या दंशापासून काही अंशी संरक्षण देतात.

माप

चालण्याने पाय सुजतात. म्हणून बूट सायंकाळी, जाड मोजे घालून पाहावेत. बोटांपुढे साधारण अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी, अन्यथा उतारावर नखे दुखावतात. टाच मात्र उचलली जाऊ नये. सुती मोजे ओलावा धरून ठेवतात व फोड येतात. लोकरी वा कृत्रिम धाग्याचे मोजे बरे. नवे बूट आधी लहान फेऱ्यांत वापरून सैलावून घ्यावेत.

निगा

ओले बूट आतील पाताळी काढून सावलीत सुकवावेत. अनेक बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा थर असतो. तो दमट हवेत वर्षानुवर्षे पडून राहिल्यास आपोआप ठिसूळ होतो व तळ चालताना अचानक सुटतो. त्यामुळे न वापरलेले जुने बूटही प्रवासापूर्वी वाकवून तपासणे आवश्यक असते.