चौकशीतला ‘कस’

निरोप घेताना ‘घरी चौकशी केली म्हणून सांगा’ म्हणतो तीच चौकशी, आणि ‘चौकशी आयोगा’तलीही तीच. एकीत जिव्हाळा, दुसरीत उलटतपासणी. एकाच शब्दाला दोन्ही पेलतात कसे?

‘चौकशी’ हे ‘चौकस’चे भाववाचक नाम, इथवर ठीक. कोडे आहे ते ‘चौकस’चे. त्यातला ‘चौ’ हा चौकट-चौफेरमधला, म्हणजे संस्कृत ‘चतुर्’. पण ‘कस’ कोणता? हिंदीत चौकस म्हणजे सावध. तिथला कस ‘कृष्’ धातूकडून आलेल्या ‘कसणे’चा, चारी बाजूंनी आवळलेला असा असावा. गुजरातीत मात्र ‘चोक्कस’ म्हणजे नक्की, बिनचूक. आणि ‘चोकसी’ म्हणजे सोन्यारुप्याचा पारखी. चोकसी आडनाव तर मुंबईकरांच्याही परिचयाचे. इथे ‘कष्’, घासणे, हा धातू डोकावतो. निकष त्याचाच, ‘कषपट्टिके’पासून झालेली दिसते ती कसोटीही त्याचीच. सोने घासून, तोडून, तापवून आणि ठोकून पारखावे, हा चाणक्याच्या नावावर सांगितला जाणारा दाखला आठवला, की हेच ते चार कस असे म्हणण्याचा मोह होतो. मोहच तो, तरी पारडे मला सराफाकडे झुकलेले दिसते.

१९५२चा चौकशी आयोग कायदाही सराफी वळणाचाच आहे. साक्षीदार बोलावणे, शपथेवर तपासणे, कागद मागवणे, हे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आयोगाला मिळतात. ज्याच्या लौकिकाला बाध येण्याचा संभव, त्याचे म्हणणे ऐकावे लागते. शिक्षा मात्र आयोगाच्या हाती नाही. दालमिया विरुद्ध न्या. तेंडोलकर या खटल्यात १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले: आयोगाने वस्तुस्थिती शोधावी, शिफारस करावी; ती बंधनकारक नाही.

या दालनातले बाकीचे शब्दही मोठे गमतीचे. पोलीस करतात तो ‘तपास’ अरबी ‘तफह्हुस’चा वंशज असावा. ‘साक्षी’ म्हणजे पाणिनीच्या मते साक्षात पाहणारा, आणि ‘साक्षात्’मध्ये ‘अक्षि’ दडलेला दिसतो. ‘जबानी’ फारसी ‘जबान’ची, म्हणजे जिभेची. आपल्या साक्षीदाराचा डोळा असा संस्कृत आणि जीभ फारसी!

‘अहवाल’ हे अरबी ‘हाल’चे, म्हणजे स्थितीचे, अनेकवचन. मराठीत येताना दोघांनी वचनांची अदलाबदल केली: अहवाल एकवचनी झाला आणि ‘हाल’ अनेकवचनी. वर हालांना यातनेचा अर्थ चिकटला तो वेगळाच. मुंबईच्या दंगलींसाठी १९९३ साली नेमलेल्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल यायला १९९८ साल उजाडले. मधे १९९६मध्ये आयोग गुंडाळून पुन्हा नेमला गेला. अहवाल एक, हाल अनेक, हे व्याकरण तिथे फार खरे वाटते.

अहवाल हाती आल्यापासून सहा महिन्यांत सरकारने तो कार्यवाहीच्या टिपणासह विधिमंडळापुढे ठेवावा, असे कायदा म्हणतो. कार्यवाही कोणती करावी, हे तो सांगत नाही. चोकसीने कस सांगायचा; सोन्याचे काय करायचे ते धन्याने ठरवायचे.